गवत कापणीच्या मशीनचे पाते साफ करताना बोटे कशी सांभाळाल?

जुलै-ऑगस्टमध्ये पुलगाव-देवळी भागात धुऱ्यावरचे गवत कमरेएवढे वाढते. पूर्वी विळ्याने होणारे काम आता बरेच जण खांद्याला अडकवायच्या पेट्रोल ग्रास कटरने करतात. घरासमोर लॉन असेल तर ढकलायची मशीन असते. गवत कापताना माणूस सावध असतो. बोटाला इजा होते ती बरेचदा काम थांबवल्यावर, अडकलेले गवत काढताना, नट सोडवताना किंवा धार लावताना.

बटण बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते. ढकलायच्या पेट्रोल मशीनमध्ये तर पाते थेट इंजिनच्या दांड्यावर बसवलेले असते. ते हाताने फिरवले की इंजिनही फिरते आणि कधी कधी ठिणगी पडून चालू होते. म्हणून पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. विजेच्या मशीनचा प्लग बोर्डातून काढा, बॅटरीच्या मशीनची बॅटरी काढा. गुंडाळलेले गवत बोटांनी ओढू नका, काडीने काढा.

खांद्यावरच्या बहुतेक ग्रास कटरच्या नटाचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. हे माहीत नसलेला माणूस उलट दिशेने जोर लावतो, पाना निसटतो आणि मूठ पात्यावर आपटते. जाड हातमोजे घाला आणि पाते अडवायची पिन भोकात बसवूनच पाना लावा.

तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नका. नवे पाते बोटाच्या उपचारापेक्षा नेहमीच स्वस्त पडते. धार दोन्ही बाजूंना सारखी लावा, नाहीतर मशीन थरथरते आणि नट सैल होतो. ग्राइंडरवर धार लावताना चष्मा हवाच. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नका, काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नका. मेडिकलमधून स्वतःच थेंबही आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर बुबुळाची जखम चिघळू शकते.

हात कापलाच, तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा आणि स्वच्छ कापडाने १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरा. मध्ये उघडून पाहू नका. रक्त भळाभळा वाहत असेल तर धुण्यात वेळ न घालवता आधी दाबा. हळद, चहापूड, तंबाखू, ग्रीस काहीही भरू नका. सूज येण्याआधी अंगठी काढा. जखम लहान दिसली तरी बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल, तर आत स्नायूची दोरी किंवा नस कापलेली असू शकते. नुसत्या पट्टीवर भागवू नका.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले की पेशी मरतात. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा. सेवाग्राम, सावंगी की नागपूर, जिथे जाणार तिथे बोट जोडणारे सर्जन आहेत का, हे निघतानाच फोनवर विचारा. दोन दवाखान्यांच्या फेऱ्यांत मोलाचे तास जातात.

आता धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल. गंजामुळे धनुर्वात होतो असा समज आहे, पण त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, म्हणून चकचकीत पात्याची जखमही धोक्याची असू शकते. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायची गरज मात्र नसते. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील तर मातीच्या जखमेला शेवटच्या डोसनंतर ५ वर्षे, स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षे उलटली असतील तरच बूस्टर लागतो. डोस झाले की नाही हे आठवत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मातीच्या जखमेत लसीसोबत तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. मधुमेह असेल तर तेही सांगा, आणि लालसरपणा, पू किंवा ताप दिसला तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका.