फुगा : हातांतला आणि पडद्यावरचा

लहान मुलांच्या खेळण्यांत फुग्याइतकें स्वस्त आणि फुग्याइतकें अल्पायुषी खेळणें क्वचितच आढळेल. परवां एका आप्तांकडे वाढदिवसानिमित्त जाण्याचा योग आला. दिवाणखान्यांत रंगीबेरंगी फुगे टांगले होते; परंतु उत्सवमूर्ति कोपऱ्यांत बसून मोबाइलच्या पडद्यावर फुगे फोडण्यांत दंग! या दोन फुग्यांत अंतर कोणतें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे.

रबरी फुगा मुळांत खेळण्याकरितां जन्मास आला नाहीं. १८२४ सालीं लंडन येथें मायकेल फॅरडे यांनीं हायड्रोजन वायूच्या प्रयोगांसाठीं कच्च्या रबराचे दोन पातळ तुकडे एकमेकांवर ठेवून त्यांच्या कडा दाबल्या. आंतील बाजू चिकटूं नयेत म्हणून मध्यें पीठ भुरभुरलें. प्रयोगशाळेंतील ही वस्तु लौकरच मुलांच्या हातीं आली.

पडद्यावरील फुगाही अगदीं कालचा नव्हे. १९८५ च्या आरंभीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘बलून फाइट’ हा खेळ घरगुती यंत्रावर आला. त्यांतील गडी दोन फुग्यांच्या आधारें हात फडफडवीत तरंगतो. प्रतिपक्षाचे फुगे फोडावयाचे व आपले राखावयाचे. पुढें त्याच कंपनीचे अध्यक्ष झालेले सातोरु इवाता यांनीं त्याची आज्ञावली लिहिली होती. अशा खेळांनीं नेम व अवधान यांचा सराव होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तेथला फुगा फुटला तरी एक कळ दाबतांच पुन्हां उभा राहतो.

हातांतला फुगा याहून निराळे धडे देतो. पहिली फुंकच सर्वांत जड कां जाते, हें मुलांस विचारून पाहावें. फुगा लहान असतांना तो ताणण्यास अधिक दाब लागतो. एकदां फुगूं लागला कीं दाब उतरतो. एक लहान व एक मोठा असे दोन फुगलेले फुगे नळीनें जोडले, तर बहुधा लहानाचीच हवा मोठ्यांत जाते! हा चमत्कार वडीलधाऱ्यांनीं अवश्य करून दाखवावा.

मात्र एक गोष्ट आमच्या वाचकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. फुटलेल्या फुग्याचा तुकडा चोखतांना तो मुलाच्या घशांत गेला, तर श्वासमार्गावर झांकणासारखा बसतो. न दिसतां बोट घालून काढूं गेल्यास तो अधिकच आंत सरकतो. याच कारणास्तव अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें फुग्यांच्या वेष्टनावर आठ वर्षांखालील मुलांविषयीं इशारा छापणें बंधनकारक झालें. म्हणून फुगा मोठ्यांनीं फुगवावा, न फुगविलेले फुगे मुलांच्या हातीं देऊं नयेत, आणि समारंभ आटोपतांच मरगळलेले फुगेही काढून टाकावेत. हायड्रोजन भरलेला फुगा तर निरांजन, मेणबत्ती यांच्या जवळपासही नसावा. तो वायु क्षणांत पेट घेतो.

त्या दिवशीं अखेर एक फुगा फटकन फुटला. त्या आवाजासरशीं मोबाइल बाजूस पडला आणि उत्सवमूर्तीनें भोकाड पसरलें. त्याच्या मातोश्रींनीं मोबाइल पुन्हां पुढें केला नाहीं. त्यांनीं आधीं जमिनीवरचे तुकडे एकूणएक वेंचले, मग मुलास जवळ घेतलें आणि दुसरा फुगा तोंडास लावला. मूल रडें विसरून तो मोठा होतांना पाहूं लागलें. आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथेंच मिळालें.