डुकराच्या कानावरची खूण

अमेरिकेच्या दक्षिणेतली एकोणिसाव्या शतकातली शेती म्हटली, की कापसाचे मळे आणि गुलाम डोळ्यांपुढे येतात. ते चित्र खोटं नाही. पण 1860 साली तिथल्या सुमारे तीन-चतुर्थांश गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. जॉर्जियातल्या कॅरोल, जॅक्सनसारख्या काउंट्यांत यातली बरीच घरं मका आणि डुकरांवर जगत. त्यांना सर्रास ‘स्वयंपूर्ण’ म्हटलं जातं. त्या स्वयंपूर्णतेतला मोठा वाटा मात्र त्यांच्या बांधाबाहेरच्या रानाचा होता.

कायदाच तसा होता: कुंपण पिकाला घालायचं, जनावरांना नाही. डुकरं रानात ओकची, चेस्टनटची फळं खाऊन वाढत. कुणाचं कोणतं हे कान कातरून केलेल्या खुणेवरून ठरे आणि ती खूण काउंटीच्या दप्तरी नोंदलेली असे. आपल्या गायरानाहून हे वेगळं. कुंपण नसलेली खासगी रानंही सर्वांना मोकळी असत. कडाक्याची थंडी पडली की डुकरं मारायची, कारण उबेत मीठ मुरायच्या आत मांस नासतं. उकळत्या पाण्याने केस सैल करून खरवडायचे, मांस मिठात मुरवून धुराच्या खोलीत टांगायचं. चरबी कढवणं, आतडी धुऊन सॉसेज भरणं, राखेतून झिरपवलेल्या क्षारात चरबी उकळून साबण करणं हे बहुतेक बायकांकडे. ‘शेतकऱ्याची स्वयंपूर्णता’ म्हणताना हे कष्ट हिशेबात क्वचितच येतात.

मग ही घरं कापसाकडे का वळली? रोकड पैशाच्या मोहाने, असं उत्तर मिळतं. त्यात तथ्य आहे. मीठ, लोखंड, कॉफी विकतच घ्यावी लागे. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर दुकानदार उभ्या पिकाच्या तारणावर उधारी देऊ लागला आणि तारण म्हणून त्याला कापूसच हवा असे. त्यातच 1872च्या कायद्याने जॉर्जियातल्या काउंट्यांना मतदान घेऊन जनावरं कोंडण्याची सक्ती करता येऊ लागली. कुंपणाला लाकूड पुरत नाही, ही जमीनदारांची तक्रार खोटी नव्हती. तरी नव्या नियमाचा भार पडला तो जमीन नसलेल्यांवर, त्यात नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीयही आले. कोंडलेल्या डुकराला खायला मका लागतो आणि मक्याची जागा कापसाने घेतली होती. 1894मध्ये कापूस पौंडाला पाच सेंटांच्या आसपास आला, तेव्हा यातली कितीतरी घरं मिडवेस्टहून रेल्वेने आलेलं खारवलेलं डुकराचं मांस उधारीवर नेत होती.