काचपेटीतील हिरवळ

लव्हाळा खुरपता खुरपता ज्यांची कंबर मोडली, त्यांना मी लव्हाळ्याच्याच कुळातले गवत मुद्दाम लावायला सांगतो आहे, हे वाचून आपण हसाल. पण घरात मुलांनी माशांची काचपेटी आणली असेल, तर तिच्या तळाशी हिरवळ धरणारे ‘हेअरग्रास’ त्याच गोतातले. तेही आडवे फुटवे सोडत पसरते. फक्त फार नाजूक.

विकत आणलेला गड्डा आहे तसा रोवू नका. चार-पाच पात्यांचे झुबके सोडवून, बारीक रेतीच्या दोन इंची थरात चिमट्याने बोटभर अंतरावर लावा. पहिल्या पंधरवड्यात पाती पिवळी पडतील, काही विरघळतील. रोपवाटिकेत ती बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यातली नवी पाती यायला वेळ लागतो. कुजलेली तेवढी काढत जा.

इथेच मी चुकलो. पिवळेपणा दिसला आणि सवयीने हात युरियाकडे गेला. चिमूटभरच टाकला, पण सगळे मासे मेले. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो, आणि पाण्याचा सामू आठाच्या पुढे असेल तर तो अधिकच जहाल. आमच्या नातीने आठवडाभर अबोला धरला.

दिवा रोज सात-आठ तास पुरे. जास्त ठेवला, किंवा पेटी उन्हात आली, की शेवाळ पात्यांना वेढते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. गोल्डफिश तळ उकरतो, त्याला वेगळी पेटी द्या. हिरवळ दाटली की कात्रीने छाटा, आणि कापलेली पाती ओढ्यात टाकू नका. उकिरड्यावर वाळू द्या.