तारण, मुक्ती आणि नवा जन्म

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका गावी परिचिताच्या घरच्या लग्नाला गेलो होतो. घर ख्रिस्ती. मांडवात शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी नाव-गाव विचारून झाल्यावर शांतपणे प्रश्न केला, "भाऊ, तुमचं तारण झालंय का?" त्या महिन्यात पत्नीच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवून कर्ज काढले होते. ही बातमी इथवर कशी पोहोचली, या विचाराने मी गडबडलो. माझी अडचण लक्षात आल्यावर ते गृहस्थ मोठ्याने हसले आणि म्हणाले, "सोन्याचं नाही हो, आत्म्याचं!"

त्या हसण्यातून माझा शोध सुरू झाला. धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही; शब्दांचा माग काढण्याची खोड मात्र जुनी आहे. एकाच मराठी शब्दाचा अर्थ बँकेत एक आणि प्रार्थनामंदिरात दुसरा कसा, हे पाहता पाहता मी एका मोठ्या प्रश्नापाशी आलो. माणूस वाचतो म्हणजे नेमका कशापासून वाचतो?

'तारण' हा शब्द तरणे-तारणे या घरातला. भवसागर तरून जाण्याची कल्पना आपल्याला संतांनी घरोघर पोहोचवून दिली आहे. गहाण वस्तू बुडणाऱ्या सावकाराला तारते, म्हणून तीही तारण, असा व्यवहारातल्या शब्दाचा अर्थ लावता येतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'सोतेरिया'. त्याच्या क्रियापदाचा अर्थ वाचवणे असा आहे, तसाच बरे करणे असाही आहे. रक्तस्रावाने बारा वर्षे त्रासलेली स्त्री येशूच्या वस्त्राला शिवून बरी होते, तिथे हेच क्रियापद येते. म्हणजे तारण ही केवळ मरणोत्तर गोष्ट नाही. त्यात आजाऱ्याचे उठून बसणेही आहे. याच्या जोडीला दुसरी प्रतिमा बाजारातली आहे. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी जी रक्कम भरावी लागे, तिला ग्रीकमध्ये 'लुत्रोन' म्हणत. मराठी बायबलने तिथे 'खंडणी' हा शब्द योजला. आज वर्तमानपत्रात खंडणी म्हटले की गुंड आठवतात. पण अर्थ असा, की दुसऱ्याच्या सुटकेची किंमत कोणीतरी स्वतः चुकती केली. म्हणजे माझा लग्नमांडवातला गोंधळ अगदीच अस्थानी नव्हता. ख्रिस्ती तारणाच्या कल्पनेत देण्याघेण्याची, ऋणमुक्तीची भाषा पहिल्यापासून आहे.

फरक पडतो तो पुढे. आपल्याकडे मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती विचारात फेरा नाही. जन्म एक, मरण एक. सुटका हवी ती पापापासून आणि पापाने देवाशी तुटलेल्या नात्यापासून. हे नाते माणसाला आपल्या पुण्याईने जोडता येत नाही, ते कृपेने जुळते, हा त्या विचाराचा गाभा आहे.

आता 'नवा जन्म'. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा परूशी रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो, की जन्म पुन्हा झाल्याखेरीज देवाचे राज्य दिसणार नाही. निकदेम बुचकळ्यात पडतो: म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत शिरायचे की काय? या गोंधळाचे मूळ एका ग्रीक शब्दात आहे. 'आनोथेन' म्हणजे 'पुन्हा' आणि 'आनोथेन' म्हणजे 'वरून'. निकदेम पहिला अर्थ धरून बसतो, येशूचा रोख दुसऱ्याकडे आहे. पाण्याने आणि आत्म्याने होणारा हा जन्म वरून, म्हणजे देवाकडून, मिळतो. मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द नाही. 'पुनर्जन्म' म्हणावे, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे कर्म आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी उभ्या राहतात, आणि ज्यातून सुटायचे तोच फेरा प्रसाद म्हणून हाती येतो. म्हणून मराठी बायबलमध्ये 'नव्याने' असा साधा शब्द आला. त्यात 'वरून' हरवले, पण गैरसमज टळला.

हा जन्म होतो केव्हा, यावर ख्रिस्ती जगात एकमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत तो बाप्तिस्म्यात होतो. म्हणून तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देतात आणि पुढचे आयुष्य त्या कृपेत वाढण्यासाठी असते. सोळाव्या शतकात ल्यूथरने सांगितले, की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने; सत्कृत्ये ही त्याची फळे, किंमत नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली उत्तर दिले, की कृपेला माणसाने साथ द्यावी लागते आणि विश्वास प्रेमावाचून अपुरा आहे. या वादापायी युरोप दुभंगला. ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील मूलभूत सहमतीच्या निवेदनावर सही केली ती ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. मधल्या काळात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली झाला. तो आधीच धर्मगुरू होता. तरी २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत आपल्याला खरा विश्वास लाभला, असे त्याने नोंदवले. पुढे 'तारण झाले तो दिवस सांगा' असे विचारणारी जी परंपरा वाढली, तिला अशा अनुभवांनी बळ दिले. मांडवातल्या त्या गृहस्थांचा प्रश्न याच वाटेने आपल्या गावात आला.

मराठीत ही कल्पना त्याहून आधी आली होती. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात पोहोचले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटले आणि तारणासाठी 'मुक्ती' हा शब्द वापरला. जुने घर, नवा रहिवासी, असा हा प्रकार. तीन शतकांनी पंडिता रमाबाईंनी उलट वाट धरली. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना हिंदू तत्त्वज्ञानाचे संदर्भ जागवणारे संस्कृत शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळले आणि साध्या बायकांना समजेल अशी मराठी लिहिली. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या बाईने हे करावे, याला विशेष अर्थ आहे.

रमाबाईंचे आयुष्यच या विषयावरचे भाष्य आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण सुमारे आठ वर्षांनंतर त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. त्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या धर्मगुरूचे आत्मकथन वाचले होते. स्वतःच उपदेश करत असताना व्यासपीठावर त्याचा पालट झाला होता. विधी झाला, पण जन्म झाला का, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःलाच विचारला. त्यामागे आणखी एक दुखणे होते. शास्त्रांच्या अभ्यासातून त्यांच्या हाती आले होते ते हे, की स्त्रीला स्वतंत्र मोक्ष नाही. पतिसेवा हाच तिचा मार्ग. मग विधवेने काय करावे? त्यांना सापडलेले तारण स्त्री-पुरुष, जात पाहत नव्हते आणि पुढच्या जन्माची वाट पाहायला लावत नव्हते. केडगावच्या आश्रमाला त्यांनी 'मुक्ती' नाव दिले. भाषांतरात जुन्या अर्थाचे शब्द गाळणाऱ्या बाईने हा एक शब्द मात्र हक्काने उचलला. जो शब्द नाकारला गेला होता, तोच दारावर लावला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणजे नव्या जन्माला जुनी आई पारखी झाली नाही. लक्ष्मीबाईंची वाट वेगळी. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी सोवळे पाळले. जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाला पटले, तेव्हा आतले काहीतरी मोडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला वाटते, की त्यांचा नवा जन्म पाण्याच्या घागरीपाशी आधी झाला, प्रार्थनामंदिरात मागाहून.

इथेच खरी कसोटी आहे. आपल्याकडे 'द्विज' हा शब्द जुना आहे. पण तो दुसरा जन्म मुंजीने, काही वर्णांच्या मुलग्यांनाच मिळे. निकदेमाला सांगितलेला जन्म सर्वांना खुला होता. म्हणून नगर भागातल्या महार-मांग वस्त्यांत त्याचे मोल फार होते. प्रत्यक्षात काय झाले? पुष्कळ ठिकाणी गावाने जात विसरायचे नाकारले. आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. कागदावर जात संपली, पाणवठ्यावर उरली. आत्म्याचा नवा जन्म शेजाऱ्याच्या नजरेत उतरला नाही, तर तो पुरा झाला म्हणायचा का? सोतेरिया म्हणजे बरे होणेही असेल, तर नुसता आजारी नव्हे, सगळा गाव बरा व्हावा लागतो.

मी ख्रिस्ती नाही. त्या वृद्ध गृहस्थांना त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. जेवणाची पंगत बसली आणि विषय राहिला. बांगड्या पुढे सोडवून आणल्या. पावतीवर शिक्का बसला, तेव्हा पत्नीने त्या हातात घालून पाहिल्या आणि तिचा चेहरा उजळला. गहाण पडलेले आपले माणूस परत मिळाल्यावर देवालाही असेच होत असेल, असे ते गृहस्थ बहुधा म्हणाले असते.