'जिवावर' लिहिताना जपा!



आम्हांला 'माझे बाबा' हा निबंध होता. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओढ्याला लोंढा आला, तेव्हा माझी धाकटी बहीण काठावरून घसरून पाण्यात पडली. बाबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली आणि तिला वर काढले. म्हणून मी अभिमानाने लिहिले, "तेव्हा बाबा माझ्या बहिणीच्या जिवावर उठले."

गुरुजींनी ते वाचून दाखवले तर सगळा वर्ग खो खो हसला. मला काही कळेचना. गुरुजी म्हणाले, "अरे, वाचवणाऱ्याला तू मारेकरी केलेस की!" मग त्यांनी फळ्यावर लिहून दिले :

जिवावर उठणे : एखाद्याला ठार मारायला टपणे.
जिवावर बेतणे : मरणाचा प्रसंग ओढवणे.
जिवावर उदार होणे : स्वतःच्या जिवाची पर्वा न करता संकटाला सामोरे जाणे.
जिवावर येणे : एखादे काम नकोसे वाटणे. (मला पहाटे उठायचे जिवावर येते.)

शब्द एकच, पण पुढचे क्रियापद बदलले की अर्थ पार बदलतो.

आपल्या इतिहासातला प्रसंग घ्या. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळगडाचा वेढा चुकवून विशाळगडाकडे निघाले. सिद्दी जौहरचे सैन्य पाठलागावर होते. शत्रू महाराजांच्या जिवावर उठला होता. प्रसंग जिवावर बेतला होता. तेव्हा बाजीप्रभू देशपांडे जिवावर उदार होऊन घोडखिंडीत उभे राहिले. महाराज गडावर सुखरूप पोचले, पण बाजीप्रभू धारातीर्थी पडले. त्या खिंडीलाच आपण पावनखिंड म्हणतो.

आणखी एक. चिंचा पाडायला झाडाच्या शेंड्यावर चढलो, तर "मी जिवावर उदार झालो" असे लिहू नये. तो नुसता आगाऊपणा! दुसऱ्यासाठी किंवा चांगल्या कामासाठी धोका पत्करला, तरच हा वाक्प्रचार शोभतो.

आता मी निबंधात वाक्य सुधारले आहे : "माझ्या बहिणीला वाचवायला बाबा जिवावर उदार झाले."

बाबांना वाचता येत नाही. ते शाळेत आले की इथेच उभा राहून मी त्यांना हे वाक्य वाचून दाखवणार आहे. पहिले वाक्य मात्र कुणी त्यांना सांगू नका हं!

— इयत्ता ४ थी