दोन दिवसांची परिषद, महिन्याचा वर्ग

१९१५ साली कलकत्ता विद्यापीठाच्या एम.एस्सी. परीक्षेत मिश्र गणित घेऊन सत्येंद्रनाथ बोस पहिले आले आणि मेघनाद साहा दुसरे. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून तिथल्या नव्या सायन्स कॉलेजात उपयोजित गणिताचं प्राध्यापकपद नुकतंच निर्माण झालं होतं आणि त्यावर गणेशप्रसाद होते. बोस आणि साहा या दोघांना गणित विभागातच अध्यापक म्हणून घेतलं गेलं. पण ते तिथे टिकले नाहीत. दोघंही पदार्थविज्ञानाकडे गेले आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या उपयोजित गणिताचा मागोवा इथूनच घ्यावा असं मला वाटतं. पहिल्याच फळीतली दोन माणसं शेजारच्या विभागाने नेली आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत हेच होत राहिलं.

त्या काळी गणितातली परिषद ही खरीखुरी गरज होती. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी सुरू केलेल्या मंडळाचं, म्हणजे आजच्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं, ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. रँग्लर परांजपे त्यात जातीने लक्ष घालत. विलायती नियतकालिकं पुण्यात येत आणि तिथून टपालाने सभासदांकडे फिरत. कुठल्याशा जिल्ह्याच्या गावी एकट्याने गणित शिकवणाऱ्या माणसाला जगात काय चाललंय ते कळायचं ते या पाकिटांतून. सोसायटीची पहिली परिषद भरली ती १९१६ मध्ये, मद्रासला. नऊ वर्षं एकमेकांना नुसतं अक्षरावरून ओळखणारी माणसं तिथे समोरासमोर आली. अशा भेटीचं मोल वेगळंच असणार.

मात्र माणूस घडायला परिषद पुरत नाही, हे त्याच काळातल्या दुसऱ्या एका गोष्टीवरून दिसतं. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले आणि १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभाग सांभाळू लागले. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे गुजराती शिक्षक हातातली नोकरी सोडून त्यांच्याकडे शिकायला गेले. मुक्काम वर्षभराचाही नव्हता. त्यातून निघालं ते प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वीय क्षेत्राचं उत्तर. ते १९४३ मध्ये छापलं गेलं आणि आज जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून शिकवलं जातं. या प्रवेशाची जाहिरात कुठे आली नव्हती, त्याला परिपत्रक नव्हतं आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळालं नाही. एका माणसाजवळ काही महिने बसायला मिळालं, एवढंच.

स्वातंत्र्यानंतर विषयाला सरकारी आधार मिळाला. खरगपूरच्या आयआयटीत गणित विभाग उभा करणाऱ्या बी. आर. सेठ यांनी १९५५ मध्ये सैद्धांतिक आणि उपयोजित यामिकीची संस्था काढली आणि तिची वार्षिक परिषद सुरू झाली. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये उपयोजित गणिताचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे प्रमुख पी. एल. भटनागर. १९५४ मध्ये त्यांनी यूजीन ग्रॉस आणि मॅक्स क्रूक यांच्यासह वायूच्या कणांच्या टकरींचं एक सोपं प्रारूप मांडलं होतं. बोल्ट्झमनच्या समीकरणातलं टकरींचं किचकट पद काढायचं आणि त्याजागी ‘वायू ठरावीक वेगाने समतोलाकडे सरकतो’ असं साधं पद बसवायचं, ही ती युक्ती. मोटारीभोवतीची हवा किंवा धमनीतलं रक्त संगणकावर वाहतं करणाऱ्या आजच्या अनेक प्रोग्रॅमच्या गाभ्यात ती आहे.

सेठ आणि भटनागर यांच्या विद्यार्थ्यांनी देशभर विभाग भरून काढले. तेव्हा नोकऱ्या होत्या, विद्यापीठं निघत होती आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला टपालाने अर्ज केला की मुलाखतीचं पत्र येत असे. पण विभाग जितक्या वेगाने वाढले तितक्या वेगाने प्रश्न वाढले नाहीत. दोन समांतर प्लेट्समधून द्रव वाहतो आहे, त्यात चुंबकीय क्षेत्र घाला, मग उष्णता, मग प्लेट सच्छिद्र करा, मग ती हलती ठेवा: अशा एकेका बदलावर एकेक पीएच.डी. झाली. आमच्याकडे विदर्भात बियांकी प्रकारच्या विश्वप्रारूपांवर प्रबंधांची अशीच रांग लागली. यातलं सगळंच टाकाऊ होतं असं नाही. पण प्रत्यक्ष वाहणाऱ्या द्रवाशी किंवा दुर्बिणीतल्या आकाशाशी त्यातल्या अनेकांची भेट कधी झाली नाही, हेही खरं.

वळण आलं सत्तरच्या दशकात, आणि तेही बंगळुरात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तोवर शुद्ध गणितासाठी नावाजलेली होती. के. जी. रामनाथन यांच्या पुढाकाराने तिने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सबरोबर गणिताच्या उपयोजनांचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी फ्रान्सकडे, विशेषतः पॅरिसच्या झाक-लुई लिओं यांच्या वर्तुळाकडे पाहिलं गेलं. निवड अचूक होती, कारण धरण, विमानाचा पंख किंवा अणुभट्टीचं कवच यांच्यावरचा ताण मोजायची गणितं तिथली मंडळी प्रमेयांच्या पायावर उभी करत होती. फिलिप सिआर्ले बंगळुरात येऊन फायनाइट एलिमेंट पद्धतीवर बोलले. वस्तूचे लहान लहान त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणावर सोपं अंदाजी उत्तर लिहायचं, ती उत्तरं कडांवर जुळवून घ्यायची आणि त्रिकोण बारीक करत नेले तर चूक किती झपाट्याने घटेल ते सिद्ध करायचं. अभियंते हे आधीपासून करत होते. ते का चालतं हे सांगायचं काम गणिताचं.

या व्याख्यानांची रीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाहुणा काही आठवडे शिकवी आणि दोनतीन तरुण टिपणं काढत. ही टिपणं म्हणजे लेखनिकाचं काम नव्हे. फळ्यावर राहून गेलेल्या पायऱ्या भरायच्या, सिद्धता तपासायच्या, पाहुण्याशी वाद घालायचा आणि मग पुस्तक तयार करायचं. सिआर्ले यांच्या व्याख्यानांचं असं पुस्तक १९७५ मध्ये निघालं. टिपणं काढणाऱ्यांत एस. केशवन आणि एम. वन्निनाथन होते. दोघंही पुढे पॅरिसला गेले आणि परतून त्यांनी इथेच शिकवलं. केशवन यांचं १९८९ मधलं फलनीय विश्लेषणावरचं पुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या हातात असतं. काही वर्षांनी रोलां ग्लोविन्स्की आले तेव्हा पुन्हा तेच: व्याख्यानं, टिपणं, पुस्तक. ही मालिका टाटा संस्थेने पुढे सगळ्यांना मोफत खुली केली. या कार्यक्रमातून उभं राहिलेलं केंद्र आता बंगळूरच्या येलहंका भागात आहे, आणि फ्रान्सशी जुळलेल्या नात्याला २०१२ मध्ये उपयोजित गणिताच्या भारत-फ्रान्स केंद्राचं रूप मिळालं. त्या व्याख्यानांना श्रोते मूठभरच असत, आणि आपल्या उपयोजित गणितातला सगळ्यात घट्ट धागा त्यांनीच विणला.

बंगळुरात जे थोड्यांसाठी झालं ते खाली कॉलेजांपर्यंत न्यायचा प्रयत्न नव्वदच्या दशकात झाला. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं होतं. त्याच्या पैशातून एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस शिबिरं सुरू केली. उन्हाळ्यात चार आठवडे, राहणं-जेवण आणि प्रवासाची सोय. लातूर किंवा चंद्रपूरच्या मुलाला हे परवडायचं ते त्यामुळेच. तिथे शिक्षक फळ्यावर भरभर लिहीत नाहीत. व्याख्या विचारतात, उदाहरण मागतात आणि मूल गप्प बसलं तर वाट पाहतात. तीन वर्षांच्या बी.एस्सी.त ज्याला कुणी एकदाही ‘का?’ विचारलेलं नाही, त्याचा पहिला आठवडा फार वाईट जातो. एटीएम नावाने चालणाऱ्या शाळा नंतरच्या, त्या मुख्यतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी. यातलं सगळं उपयोजित नाही, पण पाया न घालता उपयोजन करायला निघालं की पुन्हा समांतर प्लेट्सपाशी येऊन थांबावं लागतं.

याच काळात नोकऱ्यांनी मात्र दिशा बदलली, आणि गणित विभागांना ते उशिरा कळलं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक आलं, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, आणि गणितात एम.एस्सी. झालेली मुलं तिथला डिप्लोमा करून सॉफ्टवेअरमध्ये जाऊ लागली. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातलाच ‘एका’ हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ बसला, मान्सूनचा अंदाज करण्यासाठी. वातावरणाचे चौकोन पाडून त्यांवर द्रवगतिकीची समीकरणं सोडवायची, म्हणजे पुन्हा सिआर्ले यांच्या शेजारघरचंच काम. मुंबईत विमा कंपन्या, बँका आणि जोखीम मोजणारे विभाग. आता सगळीकडे डेटा. या जागांच्या जाहिरातींत ‘गणित’ हा शब्द असतो, पण बहुतेकदा ‘किंवा’च्या मागे: भौतिकी किंवा सांख्यिकी किंवा संगणकशास्त्र किंवा गणित. बोस आणि साहा यांच्याप्रमाणेच माणसं शेजारी गेली. मला यात वाईट काही दिसत नाही. वाईट एवढंच, की या वाटा शिकवणाऱ्यांना ठाऊक नव्हत्या आणि अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धती हा पेपर कित्येक ठिकाणी संगणकाशिवाय, कॅल्क्युलेटरवर शिकवला गेला.

परिषदांचं पीक आलं ते २०१० नंतर. त्या वर्षी हैदराबादला गणितींची जागतिक काँग्रेस भरली, भारतात पहिल्यांदाच. पण पिकाचं कारण ते नव्हे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची, म्हणजे एपीआयची, मोजपट्टी लावली. निबंध वाचला तर गुण, आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर जास्त. मग गावोगावी ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा भरू लागल्या. बीजभाषणाला एखादे परदेशी पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार, आणि जेवणानंतर चार समांतर सत्रांत दहा-दहा मिनिटांचे निबंध. निबंध वाचणारा आपला क्रमांक आटोपून बसस्टँडकडे निघालेला असतो, आणि पुढच्याचं ऐकायला उरतात सत्राध्यक्ष. २०२० च्या टाळेबंदीत हेच वेबिनारच्या रूपाने घरात आलं. गूगल फॉर्म भरा, प्रमाणपत्र ईमेलवर. आयोगाने २०१८ मध्ये नियम बदलले होते, पण लागलेली सवय सुटली नाही.

या सवयीला मी एकट्या प्राध्यापकांच्या लोभावर ढकलणार नाही. महाराष्ट्रात सेट-नेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी. झालेली गणिताची माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. कायम जागांची भरती रखडते, थोडी सुटते, पुन्हा रखडते. ज्याला तासावर पैसे मिळतात त्याने चार आठवड्यांच्या वर्गाला जायचं म्हणजे तेवढ्या तासांचं मानधन सोडायचं, आणि परतल्यावर ते तास आपल्याकडेच राहतील याची खात्री नाही. रजेवर रिफ्रेशर कोर्सला पाठवलं जातं ते कायम नोकरीवाल्यांना. मुलाखतीच्या गुणपत्रकात मात्र निबंधांचा रकाना दोघांनाही भरायचा असतो. शनिवार-रविवारची परिषद, हजार-दीड हजारांचं शुल्क आणि रातोरात परतणारी एसटी एवढंच त्याला जमतं. त्याने सिआर्ले यांची टिपणं मोबाइलवर उतरवून घेतलेली असतात. ती वाचायला लागणारा सलग महिना त्याला द्यायचा झाला, तर त्या महिन्याच्या तासांचे पैसे कुणीतरी भरायला हवेत. प्रवास आणि जेवणाचा खर्च देण्याची व्यवस्था आपल्याकडे १९९३ पासून आहे, बुडालेल्या तासांसाठी अजून कुणी रकाना ठेवलेला नाही.