जुन्या गाडीला रेशमी काळा रंग : घरच्या घरी आणि बेताच्या खर्चात

गाडी जुनी झाली म्हणजे ती टाकाऊ झाली, असे नव्हे. आपल्या गावांतून अद्यापही अँबेसेडर, मारुती ८०० यांसारख्या गाड्या अंगणात उभ्या असलेल्या दिसतात. या दोन्हींचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि रविवारी वृद्ध मातापित्यांना मिस्साबलीस नेण्याचे आणि अडलेल्या बाळंतिणीला अपरात्री इस्पितळात पोहोचविण्याचे काम त्या इमानाने करीत आहेत. अशा गाडीचा रंग उडाला, ठिकठिकाणी तांबेरा फुटला, म्हणजे घरातील तरुण मुलांच्या मनात येते की, आपणच तिला रंगवावे. आणि तेही हल्ली पुष्कळांना आवडणाऱ्या त्या मंद, रेशमी काळ्या रंगाने, ज्याला दुकानदार सॅटिन काळा म्हणतात.

ही इच्छा चांगली आहे. मुलांच्या हातांना काम मिळते आणि पैसा वाचतो. परंतु काटकसर कशात करावी आणि कशात करू नये, हे आरंभीच ठरविले पाहिजे. घाम आपला खर्ची पडावा. श्वास मात्र पडू नये.

आधी गाडी, मग रंग

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. या तपासणीत नव्या रंगाने ब्रेकची उणीव भरून निघत नाही. म्हणून हाताशी असलेला पैसा प्रथम ब्रेक, टायर आणि खालचा सांगाडा यांवर खर्च करावा. उरला तर रंगावर.

दुसरी गोष्ट कायद्याची. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. पांढरी गाडी काळी करावयाची असेल, तर रंगाचा डबा विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन तेथील रीत विचारावी व नव्या रंगाची नोंद करून घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावे. कागदावर पांढरी आणि रस्त्यावर काळी अशी गाडी घेऊन फिरणे म्हणजे नाक्यानाक्यावर खुलासे देत बसणे होय.

काळ्या रंगाची थोडी हकीगत

काळी मोटार ही स्वस्ताईची जुनी सोबतीण आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही सामान्य माणसाची गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगातच मिळत असे. तो काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता, आणि सर्व गाड्यांना एकच रंग दिल्याने कामही सोपे होई. पुढे १९२४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचे लवकर सुकणारे लॅकर मोटारींवर वापरात आले आणि दिवसांचे काम तासांवर आले. मोटारीच्या रंगाचे मर्म असे रसायनात आहे. आज दुकानात तीन प्रकारचे रंग मिळतात, आणि त्यांतील भेद न जाणता जो डबा उचलतो त्याचे श्रम वाया जातात.

पहिला प्रकार सिंथेटिक इनॅमल. हा स्वस्त असून टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो, मात्र सावकाश सुकतो. दुसरा एन. सी. लॅकर. हा झटपट सुकतो, पण त्याचा थिनर तीव्र असतो. तिसरा दोन डब्यांचा पी. यू. रंग, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो. हा सर्वांत टिकाऊ खरा. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवारताना ते फुप्फुसात गेले, तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडलेला हा दमा पुढे त्या द्रव्याच्या किंचित संपर्कानेही उसळतो. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरविणारा मुखवटा असलेल्या कारखान्यातच हे काम व्हावे. घराच्या अंगणात हा तिसरा प्रकार मुळीच आणू नये. आपल्याला इनॅमलच पुरे. लोखंडासाठी बनविलेले, ‘सॅटिन फिनिश’ असे डब्यावर लिहिलेले मागून घ्यावे.

गाडीवर आधी कोणता रंग आहे, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. दिसणार नाही अशा कोपऱ्यात एन. सी. थिनरने ओली केलेली चिंधी घासावी. रंग विरघळून चिंधीस लागला, तर तो लॅकर. पृष्ठभाग फुगून सुरकुतला, तर इनॅमल. काहीच झाले नाही, तर तो कारखान्याचा भट्टीत भाजलेला अथवा दोन डब्यांचा रंग समजावा. इनॅमलवर लॅकर कदापि फवारू नये; खालचा थर उकलून वर येतो.

तांबेरा आणि लांबी

खरे काम येथे आहे. दहा दिवसांचे काम असेल, तर आठ दिवस तयारीचे आणि दोन रंगाचे, असे समजावे. गाडी साबणाने धुऊन ग्रीस व मेण पुसून काढावे. तांबेरा असेल तेथे १२० नंबरच्या कागदाने शुद्ध पत्रा दिसेपर्यंत घासावे. बारीक खड्ड्यांत उरलेल्या तांबेऱ्यावर फॉस्फोरिक आम्लाचे औषध लावावे. पत्र्याला भोक पडले असेल, तर वेल्डिंग करून नवा तुकडा जोडावा. भोकावर लांबी, जिला पेंटर पुटी म्हणतात, थापून दिली, तर आतून ओल धरते आणि दोन पावसाळ्यांत तो भाग गळून पडतो. लांबी ही उथळ पोच्यासाठी आहे, भोकासाठी नव्हे.

फार जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून कोरडे घासू नये. पाणी घेऊन पाणीकागदाने घासावे, आणि तो गाळ मुले व कोंबड्या फिरतात तेथे टाकू नये.

मग प्रायमर. तो सुकल्यावर त्यावर दुसऱ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारून ३२० नंबरच्या पाणीकागदाने घासावे. जेथे तो फवारा शिल्लक राहील, तेथे खळगा आहे असे समजावे. शेवटी ६०० नंबरचा हात फिरवावा. मंद रंगात चकाकी नसल्याने लहानसहान पोचे झाकले जातात, हे खरे. परंतु जाड कागदाचे ओरखडे त्यातूनही दिसतात.

रंगाचा दिवस

पावसाळा संपून दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. सकाळचे दव ओसरल्यावर, साधारण दहाच्या पुढे आरंभ करावा आणि तिसऱ्या प्रहरी आटोपावे. सॅटिन रंगात चमक मारणारी पूड डब्याच्या तळाशी बसते. यास्तव डबा तळापासून नीट ढवळावा. सर्व डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र करावेत, अन्यथा दरवाजा एका छटेचा आणि बॉनेट दुसऱ्या छटेचे होईल. लहान गाडीला तीन-चार लिटर रंग धरून चालावे.

कॉम्प्रेसर व गन एक-दोन दिवसांसाठी भाड्याने आणावी. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत चालवावी, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. पातळ असे तीन हात द्यावेत. सॅटिनचा कस शेवटच्या हातात लागतो. चकचकीत रंगावरील चूक घासून व पॉलिश करून सुधारता येते. येथे घासले की त्या जागी चमकदार डाग उमटतो. त्यामुळे शेवटचा हात मध्ये न थांबता, एकाच गतीने संपूर्ण गाडीवर पुरा करावा.

फवारणाऱ्याने कापडी फडके बांधून भागत नाही; ते वाफ अडवीत नाही. कार्बनच्या डब्या असलेला मुखवटा घ्यावा. गर्भवती स्त्रिया आणि मुले यांनी दूर राहावे. जवळ चूल, विडी अथवा वेदीपुढील दिवाही पेटता नसावा. वाळूची बादली भरून ठेवावी. पेटलेल्या रंगावर पाणी ओतू नये. इनॅमलने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो; म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

रंग हाताला काही तासांत सुका लागतो, परंतु पुरता कठीण होण्यास आठवडे लागतात. महिनाभर जपावे. पुढेही सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच पुरे. मेण व पॉलिश वर्ज्य. काळी गाडी उन्हात लवकर तापते, हे ध्यानी ठेवून ती सावलीत उभी करावी आणि लहान लेकरास तीत कधीही एकटे सोडू नये.

रंगाखालचे सत्य

एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने सांगणे भाग आहे. काळा रंग पुष्कळ काही झाकतो. कोणी कुजलेल्या पत्र्यावर लांबी थापून, वर सुंदर रंग देऊन गाडी विकतो, आणि घेणारा गरीब बापडा आपली मुलेबाळे तिच्यात बसवितो. बाहेरून चुना लावलेल्या कबरींविषयी प्रभू येशूने परूश्यांना काय सुनावले, ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. गाडी विकणाऱ्याने तो अध्याय एकदा वाचावा, आणि कोठे वेल्डिंग केले, कोठे लांबी भरली, ते घेणाऱ्यास तोंडाने सांगावे. पैसे थोडे कमी येतील. रात्री झोप मात्र लागेल.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. नाझरेथच्या त्या सुताराची हत्यारे साधी होती. बापलेकांनी मिळून आठ दिवस पत्रा घासला, तर मुलाला पत्र्याबरोबर चिकाटीही कळते, आणि ती दुकानात मिळत नाही.

रंग वाळल्यावर गाडी आशीर्वादासाठी मंदिराच्या आवारात आणालच. फादर पवित्र पाणी शिंपडतील, त्याने सॅटिनला डाग पडत नाही. मात्र त्यांनी आधी ब्रेकविषयी विचारले, तर रागावू नका.